उरलेले सुरुंग

आमची पलटण तेव्हा काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेवर होती. कंपनीकडे तीन पोस्ट होत्या आणि त्यातली सगळ्यात उंचावरची माझ्या सेक्शनकडे होती. मी हवालदार होतो. दहा माणसं, दोन बंकर, एक स्वयंपाकाची खोली आणि पत्र्याच्या चार भिंतींचं सर्वधर्म स्थळ, एवढीच आमची वस्ती. बर्फ पडायला लागला की खालचा रस्ता बंद व्हायचा, तो एप्रिल संपता संपता उघडायचा. मधल्या काळात जे लागेल ते आधीच वर आणून ठेवायचं, नाहीतर त्याच्याशिवाय राहायचं.

आता मी जालना एमआयडीसीतल्या एका स्टील मिलमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आहे. तिथली मंडळी चहाला बसली की विचारतात, साहेब, बॉर्डरवर काय करायचात? त्यांना गोळीबार ऐकायचा असतो. मी सांगतो, बर्फ उपसायचो. त्यांचा चेहरा पडतो. पण खरं तेच आहे. पहाटे साडेचारला स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन खंदकात उभं राहायचं, उजाडेपर्यंत. साडेपाचला चहा. सहाच्या सुमारास गस्त, शेजारच्या पोस्टच्या हद्दीपर्यंत जाऊन परत. मग बर्फ उपसणं. संध्याकाळी पाचला रेडिओवर कंपनीला 'ऑल ओके'. असे दीडशे-पावणेदोनशे दिवस काढले की एक हिवाळा संपायचा.

रविवारी नऊला मंदिर परेड. फौजेत मंदिर परेडला सगळे जातात, कोणाचा देव कुठला हे विचारत नाहीत. आमच्या पोस्टवर पंडितजी नव्हते, म्हणून आरती मीच म्हणायचो. माझा आवाज असा, की दोन जवान दर रविवारी संतरी ड्यूटी मागून घ्यायचे. नाईक शमुवेल साळवे मात्र कधी चुकला नाही. टाळ्या वाजवायचा, प्रसाद घ्यायचा, आणि सगळं झालं की कोपऱ्यात जाऊन पाच मिनिटं डोळे मिटून उभा राहायचा. तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही. असा काही लेखी हुकूम नव्हता, पण तो पाळला जायचा.

दहा जणांत जालन्याचे आम्ही दोघंच. मी तीर्थपुरीच्या अलीकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. तो जालना शहरातला. त्याचे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आमचं बोलणं ऐकून सातारा-कोल्हापूरकडचे जवान हसायचे. "काय करून राह्यले उस्ताद?" असं कोणी मुद्दाम आमच्या सुरात विचारलं, की शमुवेल शांतपणे म्हणायचा, "तुमची मराठी दुरुस्त करून राह्यलो." फौजेत जवान आपल्या हवालदाराला उस्ताद म्हणतात. त्याच्या तोंडून ते मला बरं वाटायचं.

माझ्या छातीच्या खिशात राजूरच्या गणपतीचा अंगारा असायचा, आईनं कागदाच्या पुडीत बांधून दिलेला. त्याच्या खिशात त्याच्या शास्त्राचं तळहाताएवढं पुस्तक. इन्स्पेक्शनच्या वेळी आम्ही दोघं आधी एकमेकांचे खिसे नीट करायचो.

त्या जानेवारीत सलग सात दिवस वादळ होतं. गस्त बंद. बंकरात बुखारीभोवती, म्हणजे तिकडच्या पत्र्याच्या शेगडीभोवती, बसून बसून सगळ्यांचे विषय संपले होते. मी शमुवेलची खोडी काढली.

"काय रे, तुझा तो सैतान ऱ्हातो कुठं? पलीकडच्या पोस्टवर का?"

"न्हाई उस्ताद. तिकडं बी आपल्यासारखेच कुडकुडून राह्यले. तो अलीकडंच असतो."

"कुठं?"

"इथं." त्यानं पोटावर हात ठेवला. "भ्या वाटतं ना, तिथं."

सगळे हसले. मी हसलो नाही. मला मरणाची फार भीती वाटायची. ही गोष्ट मी अख्ख्या नोकरीत कोणाला सांगितली नाही, हवालदारानं ती सांगायची नसते. पण गस्तीवर बर्फात पाऊल टाकताना दर वेळी पोटात गोळा यायचा, आणि परत आल्यावर चहाचा मग धरला की बोटं थरथरायची. थंडीनं थरथरतात असं मी म्हणायचो.

शमुवेलनं पुढं जे सांगितलं ते मला अजून बरंचसं पाठ आहे. म्हणाला, "त्याच्याकडं एकच हत्यार होतं, उस्ताद. मरण. त्याचा धाक दाखवून माणसाकडनं काही बी करून घ्यायचा. जन्मभर गुलाम ठेवायचा. मंग प्रभू स्वतःच मरणात शिरला, आन तिसऱ्या दिवशी बाहेर आला. आता ते हत्यार निकामी झालं. लढाई जिंकलेली हाय."

"जिंकली हाय, तर मंग हे काय चाललंय? माणसं मरतातच की. भ्या वाटतंच की."

तो बुखारीकडे वळला. मग म्हणाला, "दुश्मन हरून माघारी गेला तरी त्याचे सुरुंग जमिनीत राह्यतातच ना? लढाई संपती, सुरुंग राह्यतात. त्याच्यावर पाय पडून माणूस मरतो बी. पण जिंकलं कोण, ते ठरलेलं हाय. राह्यलेले सुरुंग बी एक दिवस तो काढणार."

मी म्हणालो, "जल्दी झोपा, पहाटे स्टँड-टू हाय," आणि विषय बंद केला. अधिकार असला की असे विषय बंद करता येतात.

त्यांच्यात ईस्टरच्या सकाळी एक रीत आहे. एकमेकांना भेटलं की एकानं म्हणायचं, "प्रभू उठला आहे." दुसऱ्यानं जवाब द्यायचा, "खरोखर उठला आहे." आमच्या कंपनीत जवाब देणारा कोणी नव्हता. म्हणून पहिल्या वर्षी त्यानं मला शिकवलं. संतरीचा पासवर्ड असतो तसंच, उस्ताद, असं म्हणाला. मला गंमत वाटली. त्या वर्षी मी जवाब दिला, पुढच्या वर्षीही दिला. दोन्ही वेळा त्याचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं यात आपलं काय जातं.

तिसऱ्या वर्षीचा ईस्टर एप्रिलमध्ये आला. ती सकाळ मी सविस्तर सांगणार आहे, कारण तिच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

आदल्या दिवशी दुपारी वरच्या उतारावरून बर्फाचा मोठा थर सुटून नाल्यात गेला होता. आवाज आम्ही ऐकला. मी तो कंपनीला कळवला. त्या उतारावर आपलेच सुरुंग होते, कैक वर्षांपूर्वी लावलेले, भोवती तारेचं कुंपण आणि नकाशावर नोंद असलेले. पण बर्फ सरकतो तेव्हा जे असेल ते घेऊन खाली येतो. नकाशा जिथल्या तिथं राहतो आणि सुरुंग फिरतात. याला आम्ही ड्रिफ्ट माइन म्हणायचो. कंपनीचा हुकूम आला, पायवाटेचे खांब बघून गस्त घाला, खांब हलले असतील तर परत फिरा.

रविवारी पहाटे स्टँड-टू संपलं. मी रेडिओच्या बॅटऱ्या तपासत होतो. एक बॅटरी बसलेली होती आणि मी वैतागलो होतो. शमुवेल दोन मग चहा घेऊन आला. दाढी केलेली, गणवेश झटकलेला. माझा मग समोर ठेवला आणि ताठ उभा राहिला.

"उस्ताद, प्रभू उठला आहे."

"आधी गस्त, मंग प्रभू," मी म्हणालो. "तू आज स्काउट हायेस. चल, जल्दी."

"जवाब?"

"आल्यावर देतो."

तो हसला. अर्धा मग चहा तसाच बंकरात ठेवून त्यानं हत्यार उचललं.

सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही पाच जण निघालो. शमुवेल सगळ्यात पुढे, त्याच्यामागे मी, मग रेडिओ ऑपरेटर, मग दोन जवान. दोघांमध्ये दहा पावलं अंतर आणि पुढच्याच्या पावलावर पाऊल, हा नियम. वाटेचे खांब मी एकेक बघत होतो. सगळे जागेवर होते, सरळ उभे. मी खांबांवर विश्वास ठेवला. बर्फ खांबांच्या मधून आला होता आणि वर रात्रीची ताजी भुरभुर पडली होती, ते मला दिसलं नाही.

सात पंचविसाला स्फोट झाला. सुरुंगाचा आवाज सिनेमात दाखवतात तसा नसतो, बोदा असतो. समोर काळा धूर उठला आणि शमुवेल वाटेवर नव्हता. तो उतारावरून घसरत खाली नाल्याच्या काठाशी जाऊन पडला होता, माझ्यापासून पंधरा मीटरवर. उजवा पाय घोट्यापासून गेला होता.

ही घसरण झाली नसती तर तो आज असता. वाटेवर पडला असता तर त्याच्याच पावलांवर पावलं टाकत आम्ही पाच मिनिटांत त्याच्याजवळ पोचलो असतो. पण तो जिथं पडला तिथं कोणाचंच पाऊल उमटलेलं नव्हतं. बर्फ काय घेऊन आला आहे ते कोणालाच माहीत नव्हतं.

नियम मला पाठ होते, जवानांना मीच शिकवायचो. तरी मी पाऊल उचललं. खालून त्याची आरोळी आली.

"उस्ताद, हलू नका! तुमच्या म्होरं दोन हायेत. मला इथून दिसून राह्यले."

मी बघितलं. खरंच होते. एक बर्फातून निम्मा वर आलेला, दुसऱ्याची नुसती कड. माझा पाय पहिल्यापासून हातभर अंतरावर थांबला होता.

त्यानं स्वतःच टर्निकेट मांडीला आवळलं, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा. मी ड्रेसिंगची पाकिटं फेकली, दोन त्याच्याजवळ पडली. पाण्याची बाटली फेकली, अंगावर घ्यायचा पाँचो फेकला. दोर होता, पण त्याला दोरानं ओढणं म्हणजे सुरुंगांवरून ओढणं. ऑपरेटरनं कंपनीला रिपोर्ट दिला. कंपनी कमांडर मेजर साहेब स्वतः सेटवर आले.

"कोई अंदर नहीं जाएगा. इंजिनिअर पार्टी निकल रही है. ओव्हर."

"साहब, कितना टाइम? ओव्हर."

"तीन घंटे. मौसम खराब है, हेलिकॉप्टर नहीं आएगा. उससे बात करते रहो. ओव्हर."

मी परवानगी मागितली की संगीन टोचत जितकं जाता येईल तितकं जातो. ती मिळाली. पोटावर झोपायचं, संगीन तिरकी धरून वीत-वीत अंतरावर हळू खुपसायची, काही लागलं नाही की तेवढं पुढं सरकायचं. बर्फ गोठलेला होता, त्यामुळे दगड लागला की सुरुंग हे दर वेळी उकरून बघावं लागायचं. सात चाळीसला सुरुवात केली. नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत मी नऊ मीटर गेलो, मी तपासलेल्या पट्ट्यातून ऑपरेटर आणि जवान माझ्यामागे सरकत होते. तिथं बर्फात घट्ट रुतलेला एक सुरुंग लागला, आणि त्याला चिकटून दुसरा. ते काढायचं हत्यारही माझ्याकडे नव्हतं आणि शिक्षणही. बाजूनं जायला बघितलं तर तिथंही एक.

मेजर साहेबांचा हुकूम आला, "वहीं रुको." मी थांबलो. सहा मीटर राहिले होते.

सहा मीटर म्हणजे किती, हे मी कधी कधी मिलच्या गेटवर उभा राहून मोजतो. एक ट्रकसुद्धा मावत नाही त्यात.

मला त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता. ओठ पांढरे पडले होते. मी बोलत राहिलो, कारण तेवढाच हुकूम होता आणि तेवढंच हातात होतं.

"पट्टा किती वाजता बांधला?"

"सात बत्तीस."

"सैल पडला का?"

"न्हाई, बराबर हाय." मग थोड्या वेळानं म्हणाला, "उस्ताद, चहा राह्यला. अर्धा मग तसाच हाय बंकरात."

"गेल्यावर गरम करून देतो."

साडेनऊच्या सुमारास त्यानं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "उस्ताद, भ्या वाटून राह्यलं."

मी घड्याळ बघितलं.

"लई भ्या वाटून राह्यलं, उस्ताद."

त्याला काय सांगायचं ते मला माहीत होतं. त्यानंच ते बुखारीपाशी सांगितलं होतं, आणि सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. लढाई जिंकलेली आहे, हत्यार निकामी झालेलं आहे. पण मला वाटलं, जे आपण स्वतः मानत नाही ते मरणाच्या दारातल्या माणसाला सांगणं ही फसवणूक होईल. मी काय सांगितलं? मी म्हणालो, "पट्टा अजून एक आटा आवळ." त्यानं आवळला. मी इतका लाचार कधीच नव्हतो. आधी नाही आणि नंतरही नाही.

मधे मी दोनदा संगीन बाजूला टाकून गुडघ्यांवर उठलो. दोन्ही वेळा तो ओरडला, "न्हाई उस्ताद! म्होरं येऊ नका." दुसऱ्या वेळी आवाज बसला होता, पण हुकूम होता. नाईकानं हवालदाराला दिलेला. मी पुन्हा पोटावर झोपलो.

दहा पस्तीसला त्यानं हाक मारली.

"उस्ताद."

"बोल."

"प्रभू उठला आहे."

त्याच वेळी मागून ऑपरेटर ओरडला, "हवालदार साहेब, मेजर साहेब सेटवर! इंजिनिअर पार्टीला वाट सांगायचीय, अर्जंट." त्यानं हँडसेटची वायर ताणून माझ्यापर्यंत ढकलली. मी शमुवेलला तळहात दाखवला आणि म्हणालो, "थांब."

पार्टी नाल्याच्या वळणावर पोचली होती. कुठल्या खांबापासून वर यायचं ते मी सांगितलं. मेजर साहेब म्हणाले, "थर्टी मिनिट्स. होल्ड ऑन." मी "रॉजर, आउट" म्हणालो. हे सगळं एक मिनिटात झालं, कदाचित त्याहून कमी वेळात.

मी वळलो तेव्हा त्याचे डोळे उघडेच होते.

मी जवाब दिला, मोठ्यानं दिला. मग परत दिला. तिसऱ्यांदा मी नुसतं त्याचं नाव ओरडलो आणि मागच्या जवानांनी माझे पाय धरून ठेवले. इंजिनिअर पार्टी अकरा वाजून पाच मिनिटांनी आली. त्यांनी ते सुरुंग काढले, सुरक्षित वाटेची पांढरी पट्टी टाकली आणि अकरा पन्नासला आम्ही त्याच्याजवळ पोचलो. खिशातलं पुस्तक कोरडं होतं.

मी पार्थिवाबरोबर जालन्याला आलो. गर्दी होती, फुलं होती, सलामी झाली. त्यांच्या पाद्रीबाबांनी प्रार्थना केली. सगळं उरकल्यावर त्याचे वडील, योहानकाका, माझ्याजवळ आले. लहान चणीचा माणूस, इस्त्री केलेला पांढरा सदरा. त्यांनी विचारलं ते एवढंच.

"उस्ताद, माझं लेकरू शेवटी भ्यालं का?"

त्याची आई मागं उभी राहून ऐकत होती. मी सावधान उभा होतो. "न्हाई काका," मी म्हणालो. "एकदा बी न्हाई."

काकांनी मान हलवली. मला वाटलं, मी त्यांना काहीतरी दिलं.

दोन वर्षांनी मी पेन्शन घेऊन आलो आणि मिलमध्ये लागलो. जालना काही मुंबई नाही, माणसं भेटतातच. म्हणून मी त्यांच्या मोहल्ल्यावरून जायचं टाळायचो, मोटरसायकल लांबच्या रस्त्यानं घालायचो. फौजेतून आलेला माणूस एका म्हाताऱ्या कंपाउंडरला चुकवत तीन वर्षं राहिला, हे लिहायला मला लाज वाटते.

मागच्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी काका स्वतःच मिलच्या गेटवर आले. हातात काठी.

"उस्ताद, गुडघा धरलाय. खाली बसता येत न्हाई. उद्या सकाळी जरा येता का? कबरीला चुना लावायचा हाय."

त्यांच्यात ईस्टरच्या आदल्या दिवशी घरोघरची माणसं कबरस्तानात जातात, गवत काढतात आणि कबरींना चुना लावतात. रविवारी पहाटे सगळे तिथं मेणबत्त्या घेऊन जमतात. मी विचारलं, सणाच्या दिवशी कबरस्तानात कशाला? काका म्हणाले, "मरणाच्या घरी जाऊन त्याच्या तोंडावर सांगायचं, तू हरलास. दुसरीकडून सांगण्यात काय मजा?"

शनिवारी सकाळी आठला मी गेलो. काकांनी बादलीत चुना कालवून ठेवला होता, त्यात थोडी नीळ टाकलेली. मी खाली बसून ब्रश मारत होतो, ते काठीवर रेलून कुठं राहिलं ते दाखवत होते. कबरीची एक बाजू झाल्यावर मला पुढं ब्रश उचलवेना.

"काका, मी तुमच्याशी खोटं बोलल्तो."

त्यांनी काठी टेकवून माझ्याकडे बघितलं.

"तो भ्याला होता. मला दोनदा म्हणाला, भ्या वाटून राह्यलं."

काकांचं तोंड उतरलं. ते शेजारच्या कबरीच्या कठड्यावर बसले, गुडघा दुखतो हे विसरून. त्यांनी विचारलं, "मंग?"

"मंग काय?"

"भ्या वाटल्यावर काय केलं त्यानं? तुम्हाला बोलावलं का?"

"न्हाई," मी म्हणालो. "उलट अडवलं. मी उठलो की म्हणायचा, म्होरं येऊ नका. तीनदा अडवलं त्यानं मला."

तेव्हा काका रडले. पाच वर्षांपूर्वी गर्दीत ते रडले नव्हते. डोळे पुसून म्हणाले, "तुम्ही म्हणले एकदा बी भ्याला न्हाई, तवापासून मला घोर लागल्ता. म्हणलं असं कसं? प्रभू बी मरणाच्या आदल्या सांजेला बागेत घाबरला होता, घाम फुटला होता त्याला. आन माझं लेकरू भ्यालं न्हाई? मंग ते माझं लेकरू कसं? पाच वर्षं तो मला परक्यासारखा वाटून राह्यला."

मी मान खाली घातली. मी त्यांना काय दिलं होतं ते मला तेव्हा कळलं.

"भ्या वाटणं आपल्या हातात न्हाई, उस्ताद. भ्या जे सांगतं ते ऐकायचं का न्हाई, तेवढंच हातात. भ्यानं त्याला सांगितलं असंल, बोलाव उस्तादांना, एकटा मरू नको. त्यानं ऐकलं न्हाई. सैतान तिथंच हरला, बिलकुल तिथंच."

मला हे पटलं का? खरं सांगतो, अजून सांगता येत नाही. काकांना त्या उतारावर विजय दिसतो, मला सहा मीटर दिसतात. मला अजूनही मरणाची भीती वाटते आणि चहाचा मग धरला की बोटं थरथरतात. फरक एवढाच, की आता मी थंडीचं नाव सांगत नाही. उरलेल्या तीन बाजूंना मी चुना लावला आणि दगडावरच्या नावातली माती पिनेनं काढली.

रविवारी पहाटे परत गेलो. उजाडत होतं. कबरस्तान पांढरंशुभ्र दिसत होतं आणि प्रत्येक कबरीवर मेणबत्ती होती. बायका, म्हातारी माणसं, कामावर जायच्या कपड्यातले लोक, सगळे उभे होते. पाद्रीबाबांनी मोठ्यानं म्हटलं, "प्रभू उठला आहे!" सगळ्यांनी एका आवाजात जवाब दिला. मी गप्प राहिलो. माझा जवाब त्या गर्दीतला नव्हता.

लोक पांगल्यावर काका आणि मी शमुवेलपाशी उभे राहिलो. मी म्हणालो, "काका, एक गोष्ट काल सांगितली न्हाई. शेवटी त्यानं मला ईस्टरचं ते म्हणलं होतं. सकाळी बी म्हणल्ता, तवा मी आल्यावर देतो म्हणलो. दुसऱ्यांदा म्हणला तवा मी सेटवर होतो. मी त्याला म्हणलो, थांब. तेवढंच. मंग मी वळलो तवर..."



काका दगडाकडे बघत होते. मेणबत्ती वाऱ्यानं विझू नये म्हणून त्यांनी एक हात आडवा धरला होता.

"थांब म्हणले तुम्ही?"

"हो."

"मंग थांबला असंल," काका म्हणाले. "तुमचा हुकूम त्यानं कधी मोडला का?"

मी सावधान झालो. समोर नाईक शमुवेल साळवे होता, माझ्या सेक्शनचा स्काउट, जालन्याचा, माझा गाववाला. सकाळचा चहा अर्धा ठेवून तो गस्तीला गेला होता.

"खरोखर उठला आहे," मी म्हणालो.